पहिल्या खोलीची झीज

कधी काळी मोजणीदार यमुनाताईंच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे साठवायच्या शंभर खोल्या होत्या. तिथला कारभारी प्रत्येक आकडा पहिल्याच खोलीत लिहायचा, कारण ती जवळ होती.

खोली म्हणाली, "कारभारी, दर वेळी पुसून नवं लिहिलंत की माझी भिंत झिजते. बाकीच्या रिकाम्याच आहेत."

"तुझ्याइतकं नेमकं कुणाला जमणार?" म्हणत कारभारी लिहीतच राहिला.

एका दुपारी ताईंनी साठवलेली बांधाची लांबी परत मागितली. भिंत पार झिजली होती, आकडा टिकलाच नव्हता. ताई टेप घेऊन पुन्हा उन्हात निघाल्या.

खजील कारभारी दुसऱ्या खोलीकडे गेला. "इतकी वर्षं आम्हाला का नाही विचारलंत?" तिने विचारलं.

त्या दिवसापासून त्याने सगळ्या खोल्यांना पाळी लावून दिली. पहिलीला मात्र त्यात कधीच येता आलं नाही.