सड्यापुरती जागा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. माणसं तेव्हाही शहाणी होती आणि तेव्हाही शहाणपणानेच चुकत होती.

एका राजधानीत नदीकाठी गरिबांची वस्ती होती. कुंभार, विणकर, हमाल, धुणं धुणाऱ्या बायका. घरं कुडाची, पण प्रत्येक दारापुढे हातभर का होईना, अंगण होतं. उजाडलं की बायका अंगणात सडा घालायच्या. त्या वस्तीची एक रीत होती. ज्या दारात सडा पडलेला दिसला नाही, तिथे समोरची बाई हातातलं मडकं खाली ठेवून आधी डोकावून यायची. "काय गं, बरं नाही का?" एवढंच विचारायची. त्या एवढ्याशा चौकशीवर कितीतरी जीव वाचले होते.

एका पावसाळ्यात नदी चढली आणि वस्ती धुऊन गेली. माणसं तेवढी वाचली. ती धर्मशाळेत दाटीवाटीने राहू लागली.

राजा दयाळू होता. त्याने राज्यातल्या सगळ्यात जाणत्या गवंड्याला बोलावलं आणि म्हणाला, "कडुनिंबांचं टेकाड तुला दिलं. तिथे या लोकांना पक्की घरं बांधून दे. गरिबाला परवडतील अशी."

गवंडी त्याच वस्तीतला. बायको कधीच गेली होती. एकुलती एक लेक, तीही त्याच वस्तीत दिलेली. जावई बैलांच्या तांड्याबरोबर सहा-सहा महिने परमुलखात असायचा. लेक आणि तिचं तान्हं पोर, यांच्यावर म्हाताऱ्याचा सारा जीव.

त्याची कामाची तऱ्हा निराळी होती. त्याने वस्तीतल्या बायकांना भरल्या घागरी घेऊन टेकाडावर नेलं आणि सांगितलं, "फिरा. जड झालं की टेकवा." बायका फिरल्या, झाडांच्या सावलीत घागरी टेकवल्या आणि लगेच बोलत बसल्या. गवंड्याने तिथे-तिथे चुन्याच्या फक्कीने गोल आखले.

"हे चौक," तो म्हणाला. "मधे झाड, भोवती घरं, दाराला समोर दार. आणि प्रत्येक दारापुढे सड्यापुरती माती."

दुसऱ्या दिवशी राजाचा कारभारी आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर गवंड्याने त्याला सरळ हाकललं असतं.

"या गोलात कोण राहणार?" कारभाऱ्याने विचारलं.

"कुणी नाही. सगळी बसतील, उठतील."

"म्हणजे रिकामा. अरे, तुझ्या आखणीत साठ घरं होतात. धर्मशाळेत शंभर बिऱ्हाडं कुडकुडताहेत. उरलेल्या चाळिसांना सावलीत बसलेली माणसं दाखवू का?"

गवंड्याजवळ उत्तर होतं, पण ते अशा प्रश्नापुढे उभं राहीना. तो म्हणाला, "बरं."

चौक गेले. झाडं तोडली, घरांच्या वाशांना लाकूड झालं. घरं ओळीने आली, एका ओळीच्या दारासमोर दुसऱ्या ओळीची पाठ. मग कळलं, अजून वीस बिऱ्हाडं आहेत. कारभारी म्हणाला, "दारापुढची माती सोडून दे. चालायला फरशी पुरे." गवंडी पुन्हा म्हणाला, "बरं."

घरं उभी राहिली. मजबूत, स्वस्त, एकशेवीस. लेक आपल्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आबा, सडा कुठं घालू?"

"फरशीला धूळ नाही, बाळ. तेवढंच तुझं काम वाचलं."

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

राजा खूश झाला. त्याने गवंड्याला शालजोडी दिली आणि अशीच वस्ती बांधायला दूरच्या शहरात धाडलं. म्हातारा तिथली घरं उभी करून चार महिन्यांनी परतला. लेकीच्या घराशी पोचला तेव्हा दारात शेजारीण नातवाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याचे पाय थांबले.

लेक तापाने गेली होती. तीन दिवस एकटी पडून होती. तिसऱ्या दिवशी पोर रांगत फरशीवर आलं, एका हमालाच्या पायात आलं, तेव्हा लोक आत गेले. वैद्य म्हणाला होता, पहिल्या दिवशी कळवलं असतं तर काढ्यावर भागलं असतं.

"तू भिंतीपलीकडेच होतीस ना गं?" म्हाताऱ्याने विचारलं.

शेजारीण रडू लागली. "पोराचं रडणं ऐकू येत होतं, बाबा. पण हितं भिंतीतनं सगळ्यांचीच पोरं रडतात. कुणाचं ते कसं कळावं? जुन्या वस्तीत सकाळीच दिसलं असतं मला, हिच्या दारात सडा नाही म्हणून."

म्हाताऱ्याने पहार उचलली आणि ओळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "चौक मोकळा करतो," तो म्हणाला. माणसं दारादारांत जमली. एक म्हातारा कुंभार हात जोडून पुढे आला.

"कुणाची चूल मोडतोस, गवंडीदादा? नाव सांग."

गवंड्याने ओळीवरून नजर फिरवली. प्रत्येक घरातून धूर निघत होता. एकही घर रिकामं नव्हतं. त्याने पहार खाली ठेवली. तो ढसाढसा रडला आणि त्याला थोपटायलाही कुणाला बाजूला उभं राहायला जागा नव्हती.

दूरच्या शहरातल्या वस्तीतही तोवर माणसं राहायला गेली होती. तिथल्या आखणीत एकही चौक नव्हता.

त्यानंतर म्हातारा रोज पहाटे उठे. नातवाला पाठीशी बांधून तो एकशेवीस दारांपुढे फरशीवर पाणी शिंपडत जाई. माती पाणी धरते, फरशी धरत नाही. शेवटच्या दाराशी पोचेपर्यंत पहिलं दार वाळलेलं असे. आणि ओलं होतं तेवढ्या वेळातही ते समोरून बघणारं कुणी नव्हतं.

बोध इतकाच: घरांमधल्या मोकळ्या जागेत शेजार राहतो, ती जागा भरून टाकली की माणूस भिंतीला भिंत लावूनही एकटाच मरतो.