झोपाळ्याखालची हिरवळ

ही गोष्ट शपथेवर शंभर टक्के खरी आहे. म्हणजे नव्वद धरा.

उद्यान व्यवस्थापन शिकणारी प्रांजली कोडापे इंटर्नशिपसाठी शहरातल्या बागेत आली होती. घरच्या आठवणीनं जीव कासावीस झाला की ती तिथल्या जुन्या झोपाळ्यावर जाऊन बसायची. गावच्या अंगणात असाच एक होता.

एक दिवस अधीक्षकांनी फर्मावलं, "हा झोपाळा काढा. कुणी बसत नाही, उगाच जागा अडवतो."

प्रांजलीनं विचारलं, "साहेब, त्याच्याखाली तुम्ही तीनदा हिरवळ लावलीत. जगली का?"

"कशी जगेल? कार्टी पाय घासघासून उकरतात!"

"म्हणजे न बसणारी कार्टीच पाय घासतात, साहेब?"

माळी खुदकन हसले. आणि झोपाळा वाचला.

झोपाळा वाचला, एवढंच मी पदरचं घातलं. आता तिथे हिरवळ छान जगते. प्रांजलीला मात्र ती बघवत नाही.