सेवेराबाईच्या टोपलीची कहाणी

आटपाट रोम नगर होतं. त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की वाड्याच्या पायरीचा दगड चटके देई, झाडाचं पान हलत नव्हतं, कुत्री सावली सोडीनात. ऐक सेवेरामाये, त्या दिवसापासूनची तुझी गोष्ट तुझ्याच लेकींना सांगतो.

नगराचा राजा कैसर. कैसराची पुतणी सेवेरा, येशूला भजणारी. तिच्या वाड्याच्या देवडीवर कास्तोर म्हातारा राखण करी. नगराची रीत अशी, की मूल जन्मलं की जमिनीवर ठेवायचं. बापानं उचललं तर घरचं, नाही उचललं तर उकिरड्यावरचं. त्या सकाळी कास्तोराच्या लेकाला तिसरी मुलगी झाली. लेकानं उचलली नाही. सून रडली. कास्तोर भिंतीकडं तोंड करून बसला, हूं की चूं केलं नाही. मग पोर उकिरड्यावर गेली, मग कास्तोर कामावर गेला.

दुपारी सेवेरा रोजच्यासारखी झाकली टोपली घेऊन आली. कास्तोरानं विचारलं, "बाईसाहेब, टोपलीत काय?"

"माझा वसा, बाबा."

टोपली तळघरात जड गेली, रिकामी आली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "टोपलीत काय?" "माझा वसा." जड गेली, रिकामी आली. तिसऱ्या दिवशी विचारलं, आणि फडक्याखालून इवलासा पाय बाहेर आला. सेवेरानं तो लगबगीनं झाकला.

कास्तोराच्या मनात पाल चुकचुकली. घरात दासी असताना ही ओझं स्वतः का वाहते? तळघराची किल्ली कमरेला का लावते? शेजारीण रुफा पाव भाजून विकी. तिला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, हे ख्रिस्ताचे लोक दार लावून जेवतात. काय जेवतात, कुणी पाहिलंय? माझा पाव तर कधी नेत नाहीत!"

कास्तोराच्या मनानं घेतलं, हिनं माझी नात खाल्ली! पोर टाकली तेव्हा जीभ हलली नव्हती, ती आता सुटली. तडक कैसरापुढं गेला, सगळं ओकला.

कैसरानं पुतणीला बोलावलं. "पोरी, टोपलीत काय नेतेस?"

सेवेरानं मनाशी म्हटलं, खरं बोलावं तर शिपाई लेकरं पुन्हा उकिरड्यावर टाकतील. ती एवढंच म्हणाली, "माझा वसा, काका."

"बरं, माझ्या मूर्तीपुढं चिमूटभर ऊद घाल. मी विचारणार नाही."

"काका, ऊद देवाला. तुम्हांला नमस्कार."

कैसरानं समजावलं, तिनं तेच सांगितलं. कैसरानं धमकावलं, तिनं तेच सांगितलं. मग कैसर संतापला. म्हणाला, "हिला समुद्रातल्या ओसाड बेटावर नेऊन सोडा."

शिपाई तिला तिच्या वाड्याच्या देवडीवरून नेऊ लागले. जाता जाता तिनं कास्तोराच्या हातात किल्ली ठेवली. त्यानं विंचू डसावा तसा हात मागं घेतला. हा काय नवा डाव?

"बाबा, माझा संशय आला, येऊ दे. पण त्यांची दुधाची वेळ झाली."

"कुणाची?" त्यानं विचारीपर्यंत शिपायांनी तिला वळणाआड नेलं.

मग कास्तोरानं काठी घेतली, रुफाला संगती घेतलं, बिचकत बिचकत तळघर उघडलं. हाडं दिसतील म्हणून आधी डोळे मिटले. मग उघडले. आत एक म्हातारी दाई, बकरीचं दूध, आणि ओळीनं अकरा पाळणे. अकराही पोरी जित्या, भुकेनं मुठी चोखीत होत्या.

कास्तोर पहिल्या पाळण्यापाशी गेला, दुसऱ्यापाशी गेला, तिसऱ्यापाशी गेला. अकराव्यापर्यंत गेला, परत फिरला. मग मटकन खाली बसला.

रुफा म्हणाली, "अरे, तुझी कुठली?"

"काय ठाऊक. मी तोंडच पाहिलं नव्हतं तिचं."

सेवेरामायेनं बेटावर देह ठेवला, देवानं तिला संतांच्या पंगतीला बसवलं. तिचा वसा कास्तोराच्या पदरी आला, तो त्यानं मरेतो टाकला नाही. त्याचं घर जसं लेकरांनी भरलं तसं तुमचं आमचं भरो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सुफळ झाली. पण बायांनो, तळघरात खाली बसलेल्या कास्तोराला रुफा काय म्हणाली, तेवढं ऐकून उठा. ती म्हणाली, "ठाऊक नाही तर अकराही तुझ्याच. ऊठ मेल्या, आधी ही रडतेय तिला घे."