आपटलेले पुस्तक

एकदा एक कपाट संकटात सापडले. कपाटांवर अशी वेळ फारशी येत नाही. पण हे कपाट एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात होते, त्यात बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या होत्या, आणि त्या कोणी नेत नव्हते.

वाचनालयाचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी सभेत सरळ मुद्दा मांडला. "मुलं आता कादंबऱ्या वाचत नाहीत. ते कपाट हलवा आणि तिथं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला मोठं टेबल टाका. चार पोरं फौजदार झाली तर गावाचं नाव होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त हेमांगी उभी राहिली. ती वाचनालयात सहायक होती आणि ते कपाट तिने दोन वर्षे स्वतःच्या हाताने लावले होते. तिने मुदत मागितली. अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "ठीक आहे, दिवाळीपर्यंत. तोवर पुस्तकं हलली नाहीत, तर कपाट हलेल."

हेमांगी ज्यांच्या हाताखाली शिकत होती, ते वृद्ध ग्रंथपाल चाळीस वर्षे देवघेवीच्या टेबलाशी बसत आले होते. गाव त्यांना गुरुजी म्हणे. ते या सभेत एक शब्दही बोलले नाहीत. हेमांगीला त्याचा थोडा रागच आला.

मे महिन्यात पुण्याच्या एका विक्रेत्याने चाळीस नव्या कुमार कादंबऱ्या पसंतीसाठी पाठवल्या. शाळा उघडेपर्यंत ठेवून घ्यायच्या, त्यांतल्या बारा निवडायच्या आणि उरलेल्या परत करायच्या, असा रिवाज होता. आपले कपाट या बारा पुस्तकांवर तरेल किंवा बुडेल, हे हेमांगीला स्पष्ट दिसत होते. म्हणून तिने फार काळजीपूर्वक योजना आखली. चाळीसही पुस्तके स्वतः वाचली. सुट्टीत येणाऱ्या मुलामुलींना ती वाचायला दिली, आणि प्रत्येक पुस्तकात कोरी अभिप्रायपत्रे घातली. वाचून झाले की त्यांतल्या एकावर आपले मत लिहायचे. मुलांसाठीची पुस्तके मुलांनीच निवडावीत, यापेक्षा न्याय्य काय असणार?

पत्रे भराभर येऊ लागली. "पुस्तक खूप छान आहे. यातून आपल्याला जिद्दीची शिकवण मिळते. सर्वांनी अवश्य वाचावे." दुसऱ्या पत्रात जिद्दीच्या जागी चिकाटी होती. तिसऱ्यात दोन्ही होत्या. एका गरीब मुलाने अभ्यास करून बोर्डात पहिले येण्याची एक जाडजूड कादंबरी होती. तिला एकटीलाच चौदा मुलांनी "अवश्य वाचावे" दिले. हेमांगीने ती यादीत सर्वांत वर लिहिली.

एक पुस्तक मात्र डोकेदुखी ठरले. ते एका अगदी नव्या लेखिकेचे पहिलेच आणि अंगाने बारीक असे पुस्तक होते. दोन मैत्रिणी कबड्डी खेळतात. जिल्ह्याच्या संघात त्यांतल्या एकीचीच निवड होते. आणि शेवटी ती मैत्रिणीसाठी आपली जागा सोडते, पण का सोडली ते तिला सांगत नाही. नववीत जाणारी सानिका हे पुस्तक घेऊन आली आणि तिने ते टेबलावर आपटले.

"ताई, हे घ्या. शेवट एकदम फालतू आहे."

"अगं, हळू! पुस्तक आहे ते. आणि मत पत्रावर लिही."

सानिकाने उभ्याउभ्याच लिहिले, "शेवट चुकला आहे. असली मैत्रीण नको." आणि ती पाय आपटत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती महेकला घेऊन हजर झाली. महेक तिच्याच वर्गातली. सानिकाने तिला तिथेच बाकावर बसवून पुस्तक वाचायला लावले आणि शेवट येईपर्यंत समोर बसून राहिली.

"सांग आता! तिला सांगायला नको होतं? गप्प बसून कसला मोठेपणा?"

"सांगितलं असतं तर ती खेळायला गेली असती का?" महेक म्हणाली. "तू गेली असतीस?"

"मी गेले नसते. पण मला कळलं तरी असतं ना!"

तिसऱ्या दिवशी पाच मुली आल्या. वर्तमानपत्र वाचणारे दोन निवृत्त गृहस्थ चष्म्यावरून पाहू लागले. हेमांगीने मुलींना दोनदा शांत बसायला सांगितले आणि तिसऱ्यांदा पुस्तक काढूनच घेतले. त्याचे कोपरे मुडपले होते, पाठीचा दोरा सैल झाला होता, आणि सोबतच्या पाचही पत्रांवर "छान" हा शब्द औषधालाही नव्हता. तिने ते परतीच्या गठ्ठ्यात टाकले.

निवडीच्या दिवशी तिने आपली यादी गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी ती वाचली आणि घडी करून बाजूला ठेवली. मग ते उठले. यादीत सर्वांत वर असलेले ते जाडजूड पुस्तक त्यांनी उचलले आणि शांतपणे परतीच्या गठ्ठ्यावर ठेवले. गठ्ठ्यातून कोपरे मुडपलेले ते बारीक पुस्तक काढले आणि म्हणाले, "हे घेऊ. चार प्रती मागव."

हेमांगीचा संयम सुटला.

"गुरुजी, ही थट्टा आहे का? चौदा मुलांनी वाखाणलेलं पुस्तक परत, आणि पाचजणींनी नाक मुरडलेल्याच्या चार प्रती? दिवाळीला माझं कपाट जाणार आहे. तुमचं नाही."

"बस," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्या चौदांपैकी कोणी दुसऱ्याला हाताला धरून इथं आणलं?"

तिने आठवून पाहिले. "नाही."

"कोणी म्हटलं, ताई, याच लेखकाचं आणखी काही आहे का?"

"नाही."

"मग त्यांनी पुस्तकाला उत्तर दिलं नाही, हेमांगी. त्यांनी तुला उत्तर दिलं. आपणच त्यांना पहिलीपासून शिकवलं आहे, की पुस्तकाबद्दल विचारलं की बोध सांगायचा. तू विचारलंस, त्यांनी सांगितला. गुणी मुलं आहेत. पंगतीत यजमानानं विचारलं की जेवण कसं झालं, तर सगळेच उत्तम म्हणतात. पण वाढणारा ते ऐकत नाही. पुन्हा कोणी मागून घेतलं, तेवढंच तो बघतो. मी चाळीस वर्षं वाढायला उभा आहे."

"म्हणजे ज्याला मुलं नावं ठेवतील ते चांगलं?"

"छे छे! न आवडलेलं पुस्तक मूल मुकाट्यानं ठेवून जातं. तू काही म्हणू नयेस म्हणून वर 'छान आहे' असंही म्हणतं. तसली वीसएक आहेत या गठ्ठ्यात, ती खुशाल जाऊ देत. पण आपटणं वेगळं. 'असली मैत्रीण नको' असं ती पोर म्हणाली ना? अगं, कागदावरच्या बाहुलीला कोणी असं म्हणतं का? तिला ती मुलगी खरी वाटली. इतकी खरी, की तिच्यावर रागावता आलं. आणि राग एकट्यानं धरवत नाही, म्हणून तिनं महेकला आणलं. शिफारस शिफारस म्हणतात ती हीच, फक्त तिला ते नाव ठाऊक नाही."

गुरुजींनी पुस्तक तिच्यापुढे सरकवले.

"तू वाचलंस ना हे? तुला शेवट कसा वाटला?"

"मला?" हेमांगीने मान खाली घातली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. चाळीस पुस्तके तिने तपासनिसाच्या नजरेने वाचली होती. "मला राग आला होता, गुरुजी," ती सावकाश म्हणाली. "तिनं जागा सोडायलाच नको होती. सांगूनही नाही आणि न सांगताही नाही. मुलींनी नेहमी सोडतच का राहायचं? मी मिटलं पुस्तक आणि तशीच बसून राहिले बराच वेळ."

"मग हे तू सानिकाला सांगितलंस?"

"नाही."

"काय सांगितलंस?"

हेमांगीचे डोळे भरून आले. आपल्या कपाटासाठी ती जिवाचे रान करत होती, आणि ज्या दिवशी ते कपाट खरोखर बोलू लागले त्या दिवशी तिनेच ते बंद केले होते.

"मी तिला शांत बसायला सांगितलं," ती म्हणाली.

गुरुजींनी घडी केलेली यादी तिच्या हाती परत दिली. तिला जे कळायचे ते कळले होते.

त्या दिवसापासून अभिप्रायपत्रे बंद झाली. हेमांगीने यादी नव्याने केली, आणि या वेळी कोणते पुस्तक कोणी कोणापर्यंत ओढत नेले, एवढेच आठवून केली. सानिकाच्या घरी ती स्वतः गेली. दारात उभी राहूनच म्हणाली, "तुझंही चुकतंय आणि महेकचंही. तिनं जागा सोडायलाच नको होती." सानिका दोन पावले मागे सरली, मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "कशावरून?" आणि चहा होईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या. पुढे कोणत्याही मुलाच्या हाती पुस्तक देताना हेमांगीच्या तोंडी "छान आहे, अवश्य वाच" हे शब्द येईनासे झाले. ती म्हणे, "यातला बाप मला पटला नाही बघ. तुला पटतो का ते येऊन सांग." मुले सांगायला येऊ लागली. त्यांचे ऐकून इतरही येऊ लागली. त्या बारीक पुस्तकाच्या चार प्रतींसाठी नावे लावून मुले आपल्या पाळीची वाट पाहू लागली.

दिवाळीच्या आधी सभा भरली, तेव्हा बाहेर कपाटापाशी इतका कलकलाट चालला होता की इतिवृत्त दोनदा वाचावे लागले. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. "या गोंगाटात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कोण करणार? ते टेबल वरच्या खोलीत टाका," ते म्हणाले. ठराव एकमताने संमत झाला. कपाटाचा विषय पुढे कोणाला आठवलाच नाही.

आपण घरात, शाळेत मुलांच्या हाती पुस्तक देतो आणि ते मिटताच विचारतो, काय शिकलास? त्याऐवजी एकदा आपल्याला त्यात कशाचा राग आला, ते सांगून पाहावे.

डिसेंबरात सानिका मामाच्या गावाहून आली. तिथल्या प्रदर्शनातून तिने एक कादंबरी आणली होती. लेखकाचे नाव हेमांगीने कधी ऐकले नव्हते. कोणत्याही यादीत, कोणत्याही विक्रेत्याच्या पत्रकात ते पुस्तक आले नव्हते. सानिकाने या खेपेला ते आपटले नाही. दोन्ही हातांनी हेमांगीपुढे धरले.

"ताई, हे वाचा. कसं आहे ते मी सांगणार नाही. आधी वाचा, मग भांडू."

टेबलापलीकडे गुरुजी परत आलेली पुस्तके लावत होते. त्यांनी वर पाहिले नाही, पण त्यांचा हात थांबला. हेमांगीला पुस्तक मिळाले की आधी मलपृष्ठावरची स्तुती वाचायची सवय होती. तिने ते उलटून पाहिले नाही. खुर्ची ओढून घेतली आणि पहिले पान उघडले.