खुंट्याच्या पलीकडे

एका जंगलाच्या कडेला एक पागा होती आणि तिथे काही घोडे राहत असत. प्रत्येकाचा आपापला खुंटा होता. बालमित्रांनो, तुम्हाला वाटेल, घोड्यांना खुंट्याचा राग येत असेल. पण त्यांना त्याचा अभिमान होता. "माझा खुंटा सागाचा आहे," असे एक म्हणे. "माझे आजोबा याच खुंट्याला उभे असत," असे दुसरा म्हणे. खुंटा ओलांडून पलीकडे पाऊल टाकायचे नाही, असा पागेचा नियम होता. तो कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण पाळत सगळेच.

तिथली एक तांबडी घोडी लहानपणीच दूरदेशी विकली गेली होती. काही वर्षांनी मालकाने तिला परत आणले. ती आली त्याच सकाळी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने तिला एका रिकाम्या खुंट्याला बांधले आणि तिच्या धाकट्या भावासाठी नवा खुंटा ठोकला. शिंगरू अजून मोकळे हुंदडत होते. उद्या त्याच्या गळ्यात साखळी पडणार होती.

"ताई, साखळी टोचते का गं?" त्याने विचारले.

उत्तर म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याने दिले. "सवय होते, बाळा. तरुणपणी मीही हिसके दिले होते. खुंटा काही हलला नाही. मग शहाणा झालो."

घोडी खुंट्यांकडे निरखून पाहत होती. सगळेच खुंटे घोड्यांपासून पलीकडे कललेले होते. "आजोबा, तुम्ही ओढलंत कुठल्या बाजूला?"

"मागे. आणखी कुठे ओढणार?"

"मागे ओढलं की हा जास्तच रुततो. ठोकलाच आहे तसा तिरका. मी होते तिथे माणसं तंबूच्या मेखा उपटायची. आधी पलीकडे जायची, मग ओढायची."

"चार गावं हिंडून आली, आता आम्हाला खुंटे शिकवणार," एक घोडा फुरफुरला. बाकीचे हसले.

म्हातारा मात्र हसला नाही. "पोरी, पलीकडे जाऊ नकोस. आजवर कोणी गेलेलं नाही."

"म्हणून तर हे खुंटे उभे आहेत," घोडी म्हणाली आणि तिने खुंटा ओलांडला.

घोडीने मान ताठ करून ओढ घेतली. साखळी गळ्यात रुतली, कातडे सोलले. तिने पुन्हा ओढले. खुंट्याच्या बुडाशी माती फुगली, भेगाळली आणि खुंटा मुळा उपटावा तसा बाहेर आला.

तो तिच्या साखळीला लोंबकळतच राहिला. "हे लोढणं घेऊन कुठवर जाशील?" म्हातारा म्हणाला. "गुडघे फुटतील."

"फुटू देत. धाकट्याच्या गळ्यात तर काही पडणार नाही." तिने शिंगराला हाक मारली आणि दोघे जंगलात शिरले. खुंटा तिच्या गुडघ्यांवर आपटल्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

संध्याकाळी मोतद्दार आला. रागारागाने त्याने उरलेले खुंटे आणखी खोल ठोकले, पण तिरके, नेहमीसारखेच. तो गेल्यावर म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच एक पाय पलीकडे टाकला.

तात्पर्य : जिथे जायचे नाही असे सगळे सांगतात, तिथे एकदा स्वतः जाऊन पाहावे; जे बंधन हलत नाही असे वाटते, ते बहुधा त्याच बाजूने सुटते.