राजाने न ऐकलेला निरोप

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती. त्या डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथली गावं अशी विखुरलेली, की एका गावचा धूर दुसऱ्या गावाला दिसे, पण तिथे पोचायला माणसाला दिवसचे दिवस लागत.

अशा मुलखात लेक सासरी गेली, की तिची खबर माहेरी कशी कळायची? ते काम लोकांनी मैनांवर सोपवलं होतं. मुलगी वयात आली, की आई मैनेचं एक पिल्लू आणी. मायलेकी दोघी मिळून ते हातावर भरवून वाढवत. लग्नानंतर मैना लेकीबरोबर सासरी जाई. लेकीला काही सांगायचं असलं, की ती मैनेला जवळ घेऊन तेच बोल पुन्हा पुन्हा ऐकवी आणि मग तिला सोडून देई. मैना डोंगर ओलांडून माहेरच्या अंगणात उतरे. आईने हातावर घास धरला, की तो खाऊन ती बोलू लागे. हातावर भरवील त्याच्याशी बोलायचं, एवढंच त्या पाखराला ठाऊक होतं.

आणि बोले तरी काय! नुसते शब्द नव्हेत. तो लेकीचाच आवाज असे. तिचं हसू, तिचा दाटलेला गळा, मधेच गिळलेला हुंदका, सगळं जसंच्या तसं. मूठभर पाखरू, पण त्याच्या चोचीतून एक अख्खं माणूस अंगणात येऊन उभं राही. त्या वेळी शेजारणी मुकाट्याने उठून आपापल्या घरी जात. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. मला विचाराल, तर त्या राज्यातलं मोठं नवल मैना नव्हतीच. शेजारणींचं ते उठून जाणं, हे खरं नवल होतं.

तिथला राजा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला राक्षस समजून बसाल. प्रजेवर त्याची माया होती, पण मनात धाकधूक फार. प्रधानाने ती नेमकी हेरली. एवढ्या मैना रोज आपल्या डोक्यावरून जातात, त्यांच्याबरोबर कुणी बंडाचा निरोप धाडत नसेल कशावरून, असं त्याने विचारलं. झालं, राजाची झोप उडाली.

डोंगर ओलांडायला एकच खिंड होती. दमलेल्या मैना तिथे घटकाभर टेकत. राजाने त्या खिंडीत बुरूज बांधला, त्यात माणसं बसवली आणि त्यांच्या तळहातांवर पिकलेली उंबरं ठेवली. मैना उंबरांना भुलल्या, हातांवर उतरल्या आणि बोलू लागल्या.

पहिल्या दिवशी राजा स्वतः बुरुजात गेला. एका मैनेने त्याच्या हातावरचं उंबर खाल्लं आणि कुठल्याशा बाईच्या आवाजात ती म्हणाली, "आई, आज बाळ पहिल्यांदा हसलं गं." पाठोपाठ बाळाचं ते हसूही आलं. राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण देवाच्या गाभाऱ्यात उभे आहोत, असं त्याला वाटलं. वाटलं ते खरंच होतं. पण गाभाऱ्यात शिरताना माणूस पायातलं बाहेर काढतो, आणि राजा मात्र तसाच आत उभा राहिला होता.

एका म्हातारीने भर दरबारात त्याला जाब विचारला. माझी लेक माझ्याशी बोलते, त्यात तुमच्या माणसांचं काय काम, असं ती म्हणाली. राजा रागावला नाही. त्याने शांतपणे सांगितलं, "ज्याने काही केलंच नाही, त्याने घाबरायचं कशाला? आम्ही फक्त ऐकतो. निरोप कुणाचाच अडवत नाही." ते खरंही होतं. प्रत्येक मैना पुढे घरी पोचत होती.

पण एक दिवस बाजारात एका बाईला बुरुजातला माणूस भेटला. तो वावगं काही बोलला नाही. भाजीचा भाव विचारतानाचा तिचा आवाज ऐकून तो नुसता ओळखीचं हसला. त्या बाईने त्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ती भाजी न घेताच घरी परतली, आणि त्यानंतर तिच्या मैनेने माहेरी एकच निरोप नेला, "सगळं क्षेम आहे." हळूहळू राज्यातल्या साऱ्या मैना तेवढंच बोलू लागल्या. ते ऐकून राजा खूश झाला. आपल्या राज्यात कुणालाच काही दुःख नाही, असं तो ज्याला त्याला सांगू लागला.

राजाची एकुलती एक लेकही खिंडीपलीकडे दिलेली होती. तिची मैनासुद्धा बुरुजात थांबे, आणि नियम सगळ्यांना सारखा याचा राजाला अभिमान होता. ती मैना राणीच्या हातावर बसून म्हणे, "आई, सगळं क्षेम आहे." राणी म्हणायची, आवाज तिचाच आहे, पण त्यात ती नाही. राजा ते हसण्यावारी न्यायचा.

मग जावयाच्या गावी जत्रा भरली आणि राजा लेकीला भेटायला गेला. तिला पाहून त्याचा जीव गलबलला. पोरगी वाळून काटकी झाली होती, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. जावई काळजीने अर्धा झाला होता. वैद्यांनी नाडी पाहून हात टेकले होते, कारण काय होतंय ते ती कुणालाच सांगत नव्हती. ती हातची जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

राजा तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "पोरी, निदान मला तरी सांग."

ती म्हणाली, "आबा, काही गोष्टी फक्त आईला सांगायच्या असतात. मी मैनेला सांगून ठेवलंय. आईने येताना काय आणायचं, तेही सांगितलंय. पण तिला सोडायचा मला धीर होत नाही. मधे तुमची माणसं बसलीत."

"मी आजच बुरूज बंद करतो. तू मैना सोड."

"तिला आता सवय लागलीय, आबा. कुणीही उंबर पुढे केलं, की ती हातावर उतरते आणि बोलते."

राजाने मान खाली घातली. मग त्याने मैनेच्या पिंजऱ्यावर आपला शेला टाकला, पिंजरा स्वतः उचलला आणि घोड्यावर बसला. बरोबर त्याने कुणालाही घेतलं नाही.

वाट लांबची होती. मैनेला उपाशी ठेवून चालणार नव्हतं, ती हातावरचाच घास घेई, आणि भरवलं की ती बोलणार होती. पहिल्याच मुक्कामी राजाने तिला दाणे दिले, तशी लेकीच्या आवाजात ती म्हणाली, "आई..." आपल्या लेकीला काय होतंय, ते पुढच्या दोन वाक्यांत त्याला कळणार होतं. कोण माणूस कान बंद करील? आजवर त्याने अख्ख्या राज्याचं ऐकलं होतं, तेही काही कारण नसताना. आज तर केवढं मोठं कारण होतं.

राजाने घसा खाकरला आणि मोठमोठ्याने गाऊ लागला. त्याला गाता येत नव्हतं. लहानपणी ऐकलेलं कुठलंसं अर्धवट गाणं तो घसा फाडून गात राहिला, आणि मैना आपलं बोलून गप्प झाली. मग दर मुक्कामी तेच. डोंगरातल्या धनगरांनी ते पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माणूस बेसूर गातोय, एवढंच त्यांना दिसलं. तरी का कोण जाणे, त्यांनी आपली मेंढरं थांबवली आणि ते हात जोडून उभे राहिले.

खिंडीत बुरुजातली माणसं उंबरं घेऊन पुढे आली. राजाने त्यांना बुरूज पाडून तिथूनच घरी जायला सांगितलं.

राणीच्या महालात त्याने पिंजरा ठेवला, शेला काढला, आणि शेजारणी जात तसा मुकाट्याने बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने राणी बाहेर आली ती हातात एक गाठोडं घेऊनच. तिने पालखी मागवली आणि त्याच पावली लेकीकडे निघाली. राजाने तिला काही विचारलं नाही.

लेक वाचली. पुढे तिचं घर नांदतं झालं. पण उंबराला चटावलेल्या मैना काही सुधारल्या नाहीत. लोकांना नवी पिल्लं वाढवावी लागली, आणि आयाबायांनी मनातलं पुन्हा बोलायला एक अख्खी पिढी जावी लागली. तोवर राजाने पुष्कळ वाट पाहिली.

आता तुम्ही विचाराल, त्या मैनेने राणीला काय सांगितलं? मला ठाऊक नाही. ही गोष्ट ज्यांनी मला सांगितली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते दोघींचं होतं आणि दोघींपाशीच राहिलं.

तात्पर्य : प्रजेचं गुज प्रजेपाशीच राहू द्यावं, जो मधे बसून ते ऐकतो, त्याच्या कानी शेवटी खरं काहीच येत नाही.