टिटवीची अट

त्या राज्यात प्रत्येक झाडाला, बिळाला आणि ओढ्याला धनी होता. फक्त पळसापलीकडचा मोठा माळ, त्यातल्या तळ्यासकट, सगळ्यांचा होता. त्याच्या राखणीसाठी दर सुगीला घराघरातून पसाभर धान्य निघे. पूर्वजांनी अट एकच घातली होती: टिटवी दर वर्षी तिथे अंडी घालील तोवर माळ सगळ्यांचा. पळसाचे शेवटचे फूल गळाले आणि माळावर अंडे नसले, तर जमीन मेली असे समजून ती वाटून घ्यावी. टिटवी कधीच चुकली नव्हती, त्यामुळे ही अट पुष्कळांना आठवतही नव्हती. घोरपडीला मात्र ती तोंडपाठ होती.

माळाचा राखणदार साळोजी नावाचा साळिंदर होता. प्रामाणिक गडी, पण एकदा डोक्यात घेतले की ब्रह्मदेवाच्या बापाचे ऐकायचा नाही. गेल्या वर्षी धावत्या वासराचा पाय टिटवीच्या अंड्यांवर पडला आणि चारांतले एक फुटले. टिटवीने दिवसभर आरडाओरडा केला आणि उरलेल्या तीन अंड्यांवर जाऊन बसली. साळोजीला मात्र दोन दिवस घास गिळवेना. खाल्ल्या धान्याला जागायचे तर असे पुन्हा घडता कामा नये, असे त्याने ठरवले.

सात पिढ्यांचे गळलेले काटे त्याच्या बिळात जपून ठेवलेले होते. ते सगळे बाहेर काढून त्याने माळाभोवती कुंपण रोवले. काटा काट्याला इतका लागून, की सशालाही आत शिरता येऊ नये.

सवयीने सगळे संध्याकाळी आले आणि कुंपणाशी अडले. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्याही. जायला दुसरी जागाच नव्हती. मग कुंपणाला लागूनच ते उभे राहू लागले, गप्पा मारू लागले, आणि वासरे तिथेच, मिळेल तेवढ्या पट्टीत, उड्या मारू लागली.

"साळोजी, धान्य आम्ही द्यायचं आणि माळ बाहेरून बघायचा, ही कुठली रीत?" भोरी म्हशीने विचारले.

"बघा की, भोरीबाई! बघायला कुणी मनाई केलीय? असं गवत जन्मात पाहिलं नसेल तुम्ही."

गवत खरेच अपूर्व वाढले होते. वारा आला की सगळा माळ एकदम डुले आणि साळोजीच्या अंगावर मूठभर मांस चढे.

पळस फुलला आणि टिटवी आली. तिने वरून दोन घिरट्या घातल्या, उतरली, गवतात दिसेनाशी झाली आणि कुरकुरत पुन्हा उडाली. सलग तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी साळोजी हात जोडून पुढे झाला.

"टिटवीताई, काही कमी पडलं का?"

"अंगाएवढी उघडी जमीन दाखव. बाकी काही नको."

साळोजीने माळ पालथा घातला. जिथे गवत बाजूला सारावे, तिथे खाली गवतच. शेवटी त्याने नखांनी एक गोल उकरून दिला. टिटवी त्यात बसली आणि लगेच उठली. "ही माती भुसभुशीत. अंडी रुततील. आणि चहूकडे ही गवताची भिंत! मुंगूस आलं तर मला दिसणार कसं?"

फुले गळू लागली. घोरपड रोज येऊन कुंपणाकडेने आपल्या वाट्याची जमीन शेपटीने मापू लागली. साळोजीच्या तोंडचे पाणी पळाले. बापजाद्यांनी राखलेला माळ आपल्याच हातून जाणार, या विचाराने त्याला रडू यायचे.

एका सकाळी टिटवी माळावर कुठेच दिसेना. शोधत शोधत तो कुंपणाबाहेर आला, तर बाई तिथे! सगळे वर्षभर जिथे उभे राहत होते त्या पट्टीवर ती छाती टेकून गोल फिरत होती. जमीन सारवलेल्या अंगणासारखी घट्ट आणि स्वच्छ होती.

"ताई, इथे नको गं! कुंपणाबाहेर अंडं पडलं तर माळ गेला!"

"मी कुंपण बघत नाही, जमीन बघते. चार दिवस थांबेन. पाचवा नाही."

साळोजी खाली वाकला. मातीत सशाचे पंजे होते, वासरांचे खूर होते आणि त्यांच्यावर भोरीच्या रुंद पावलाचा ठसा होता. त्याने त्यांवर नख दाबून पाहिले; पावलांनी तुडवून घट्ट झालेली ती माती हलली नाही. मग त्याने पहिला काटा दातांत धरून उपटला. दुपारपर्यंत कुंपण भुईसपाट झाले आणि त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले.

संध्याकाळी सगळे नेहमीच्या जागी येऊन नेहमीसारखे थांबले.

"बघताय काय? आत या!" साळोजी ओरडला. "खा, लोळा, धावा!"

त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. त्या चार दिवसांत साळोजीचे अपूर्व गवत पार चेंदामेंदा झाले. तो कडेला बसून सगळे पाहत उपटलेल्या काट्यांचा ढीग रचत होता.

चौथ्या दिवशी दुपारी पळसाचे शेवटचे फूल गळाले. घोरपडीने सर्वांना जमवून अट म्हणायला सुरुवात केली. ती अर्ध्यावर आली असताना माळाच्या मधोमध टिटवी ओरडली.

सगळे तिकडे धावले. तळ्यातून निघालेल्या भोरीचा खूर ओल्या मातीत उमटला होता आणि तो ठसा वाळून खणखणीत झाला होता. त्यात टोके आत करून चार अंडी होती.

साळोजी ढिगाकडे गेला. त्यातून एकच काटा निवडून त्याने तो ठशाशेजारी उभा रोवला आणि बाजूला झाला.

संध्याकाळी कळप पाण्याकडे निघाला. काट्याजवळ येताच तो दोन्ही अंगांनी दुभंगला आणि पुढे जाऊन पुन्हा एक झाला. सर्वांत मागे गेल्या वर्षीचे ते वासरू होते. ते धावत आले, थबकले, काटा हुंगला, आणि वीतभर बाजूला पाय टाकून तळ्याकडे गेले.